सेंट्रिंग कधी काढायची, पाणी किती दिवस मारायचं: काँक्रीटमध्ये ताकद येते कशी

प्रश्न थोडक्यात असा: लातूरजवळ घराचं बांधकाम चालू आहे. सुमारे हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब मे महिन्यात टाकला, त्याला आठ दिवस झाले. ग्रेड एम२० (म्हणजे २८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद हवी), सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), माल साइटवरच मिक्सरमध्ये सिमेंट, वाळू, खडी १ : १॥ : ३ प्रमाणात घेऊन बनवला. हॉल १६ बाय २० फूट, बाकीच्या खोल्या ११-१२ फुटी, मोठे बीम १८ फुटांचे. ठेकेदार म्हणतो, स्लॅब वाळून दगड झालाय, प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्यात, उद्या सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) खोलतो. चाचणीसाठी त्याच मालाचे क्यूब, म्हणजे ठोकळे, भरले होते; सात दिवसांच्या तीन क्यूबची सरासरी ताकद १३.६ आली आहे. म्हणजे माल फेल झाला का? पाणी टँकरचं आहे, ते ७ दिवस पुरे की २१ दिवस मारायचं? आणि मुळात ही ताकद येते कशी?

घाईचं आधी सांगतो. उद्या सेंट्रिंग खोलू देऊ नका. हॉलखालचे आणि सगळ्या बीमखालचे टेकू विसाव्या दिवसाच्या आत हलवायचे नाहीत. लहान खोल्यांच्या स्लॅबखालचे दहाव्या दिवसानंतर काढता येतील, तेही रोज पाणी नीट पडलं असेल तर. क्यूब फेल नाहीत, पण त्या आकड्यात निर्धास्त व्हावं असंही काही नाही. पाणी किमान चौदा दिवस, मध्ये खंड न पाडता. आता या प्रत्येक आकड्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की ठेकेदाराशी बोलताना तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. तुमच्या भागात माळवदाची घरं पिढ्यान्‌पिढ्या होती. तिथली पांढरी माती वाळली की घट्ट होते, भिजली की पुन्हा मऊ पडते. सिमेंटचं उलट आहे. खाडीवरच्या पुलांच्या पाइलमध्ये काँक्रीट पाण्याखालीच ओतलं जातं आणि पाण्याखालीच ते घट्ट होतं, तिथे वाळायला वावच नसतो. सिमेंटमधलं पाणी उडून जायचं नसतं, सिमेंटशी संयोग होऊन त्याचाच भाग व्हायचं असतं. या क्रियेला हायड्रेशन म्हणतात, आणि ताकद म्हणजे ही क्रिया कुठवर आली याचा हिशोब.

सिमेंटच्या कणात मुख्यतः चार संयुगं असतात, त्यातली दोन आपल्या कामाची: ट्रायकॅल्शियम सिलिकेट आणि डायकॅल्शियम सिलिकेट. पहिलं चपळ आहे. पहिल्या दिवसापासून महिन्याभरापर्यंतची बहुतेक ताकद त्याची. दुसरं संथ, त्याचं खरं काम आठवड्यांनंतर दिसू लागतं आणि महिनोन्‌महिने चालू राहतं. दोघांपासूनही एकच महत्त्वाचा पदार्थ तयार होतो, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा अतिसूक्ष्म जेल खडी आणि वाळूला बांधून ठेवतो. सोबत चुनाही सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याची ताकदीत फारशी भर नाही, पण काँक्रीट अल्कधर्मी राहतं ते मुख्यतः त्याच्यामुळे आणि सळईला गंज लागत नाही तो त्या अल्कधर्मामुळे. हा चुना लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

या जेलला मूळ सिमेंटच्या दुपटीहून थोडी जास्त जागा लागते. ती जागा येते पाण्याने व्यापलेल्या पोकळ्यांमधून. माल ताजा असताना सिमेंटचे कण पाण्यात सुटे तरंगत असतात, मग जेल वाढत जातो आणि मधल्या पोकळ्या भरत येतात. जितक्या भरल्या तितकी ताकद. म्हणून सुरुवातीला पाणी किती घातलं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये प्रयोगांती मांडलेला नियम आजही खरा आहे: बाकी सगळं सारखं असेल तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते.

तुमच्या मालाचा हिशोब करू. ५० किलोच्या पोत्यातल्या सिमेंटशी रासायनिक संयोग व्हायला साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी पुरतं. जेलच्या पोटात अडकून राहणारं धरलं तर १९ लिटर. यापेक्षा जास्त घातलेलं सगळं पाणी फक्त माल हाताळता यावा म्हणून असतं आणि ते मागे पोकळ्या सोडून जातं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ : २००० या कोडमध्ये, एम२० च्या नॉमिनल मिक्सला (तुमच्यासारख्या ठरलेल्या प्रमाणाच्या मालाला) पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटरची मुभा आहे, पण त्याच कोडमध्ये टिकाऊपणासाठी सौम्य हवामानात ०.५५ चं गुणोत्तर सांगितलंय, म्हणजे साडेसत्तावीस लिटर. मी दुसरा आकडा धरतो. आता यात वाळूतलं पाणी मोजा. पोत्यामागे साधारण ८० किलो वाळू पडते. ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर पाणी मिक्सरमध्ये कुणी न ओतता आधीच गेलेलं असतं. वर मिस्त्रीने माल सरकत नाही म्हणून अर्धी बादली मारली की गुणोत्तर ०.६ च्या पुढे जातं. २५ लिटरचे ३० लिटर झाले की ताकद ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने घटते, आणि नंतर कितीही पाणी मारलं तरी ती परत मिळत नाही.

या गुणोत्तराचा पाणी मारण्याच्या दिवसांशी थेट संबंध आहे, आणि माझ्या मते हा संबंध साइटवर सगळ्यांत कमी लोकांना माहीत असतो. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मोजलं होतं, की काँक्रीटमधल्या केशनलिका जेलने तुटक व्हायला, म्हणजे पाणी आरपार जाण्याचा सलग मार्ग बंद व्हायला, किती दिवस ओलावा लागतो. गुणोत्तर ०.४५ असेल तर ७ दिवस. ०.५० ला १४ दिवस. ०.६० ला सहा महिने. ०.७० ला एक वर्ष, आणि त्यापुढे तो मार्ग कधीच बंद होत नाही. त्यांचं सिमेंट वेगळं होतं, आजच्या आकड्यांत फरक पडेल, पण दिशा तीच. मालात पाणी जास्त घालणाऱ्याने सात दिवस पाणी मारून काम झालं असं समजणं चूक आहे. त्याला उलट जास्त दिवस मारावं लागतं.

आता वेळेचा आलेख. साध्या, राख न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटचं, नीट पाणी मिळालेलं काँक्रीट २८ दिवसांच्या ताकदीपैकी तिसऱ्या दिवशी साधारण ४० ते ५० टक्के आणि सातव्या दिवशी ६५ ते ७० टक्के कमावतं. चौदाव्या दिवशी नव्वदीच्या जवळ पोहोचतं. वाढ सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंद होत जाते, पण थांबत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० साली टाकून ठेवलेल्या नमुन्यांची ताकद पन्नास वर्षांनंतरही वाढलेली आढळली. ते जुनं सिमेंट जाड दळलेलं आणि संथ संयुग जास्त असलेलं होतं. आजचं सिमेंट बारीक दळलेलं असतं, चपळ संयुग जास्त असतं, त्यामुळे ते लवकर कमावतं आणि नंतर त्याच्याकडे फार काही उरत नाही. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत वर्षभरानंतर पूर्ण भार येणार असेल तर १.२० पट ताकद धरायची सोय होती. २००० च्या आवृत्तीत ती सरसकट सोय काढली. डिझाइन २८ दिवसांच्या ताकदीवर करायचं, त्यापुढचं जे मिळेल ते राखीव. २८ या आकड्यात रसायनशास्त्र काही नाही. सातच्या पटीत असल्यामुळे ज्या वारी क्यूब भरले त्याच वारी ते फोडता येतात, हा त्याचा सोयीचा भाग.

तुमच्या १३.६ कडे येऊ. क्यूब १५० मिलिमीटरचा असतो, म्हणजे दाबाखालचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. १३.६ न्यूटन प्रति चौ. मिमी म्हणजे मशीनवर प्रत्येक क्यूब सरासरी ३०६ किलोन्यूटनला फुटला. एम२० ला २८ व्या दिवशी तोच क्यूब किमान ४५० पर्यंत टिकायला हवा. २० चे ६५ टक्के १३, त्यामुळे लॅबवाला तुम्हाला पास म्हणाला असेल. पण एम२० चा माल २० साठी बनवायचा नसतो. सगळे क्यूब सारखे निघत नाहीत म्हणून सरासरी २६.६ यावी असं धरून मिक्स ठरवतात. त्याचे ६५ टक्के १७ च्या पुढे जातात. त्या मानाने १३.६ तोकडे आहेत.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे पीपीसी. यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, कोराडी, चंद्रपूर, भुसावळसारख्या औष्णिक केंद्रांतून निघते ती राख. राखेला स्वतःची ताकद जवळजवळ नसते. सिमेंटच्या हायड्रेशनमधून जो चुना सुटतो त्याच्याशी ती संयोग पावते आणि त्यातून पुन्हा तोच बांधणारा जेल तयार होतो. आधी चुना सुटायला हवा, मग राखेचं काम सुरू होतं, म्हणून पीपीसी पहिल्या आठवड्यात मागे असतं. पुढच्या महिन्यांत ते भरून काढतं आणि जास्त घट्ट, कमी पाझरणारं काँक्रीट देतं. मी घरकामाला पीपीसीच सुचवतो. पण हे सगळं ओलाव्याच्या अटीवर. सातव्या दिवशी पाणी बंद केलंत तर राखेचं काम सुरू होता होताच थांबतं, आणि तुमच्या पोत्यातला तेवढा भाग नुसती बारीक भुकटी म्हणून उरतो. म्हणूनच कोड ओपीसीला किमान ७ दिवस सांगतो आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १०. कोरड्या, तापलेल्या हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. लातूरचा मे महिना म्हणजे कोरडी, तापलेली हवा. म्हणून तुम्हाला १४.

उष्णतेबद्दल एक गैरसमज आहे, की ऊन जेवढं कडक तेवढा स्लॅब लवकर पक्का. त्यात अर्धं तथ्य आहे. तापमान वाढलं की हायड्रेशनचा वेग वाढतो. सॉल यांनी १९५१ मध्ये दिलेला साधा हिशोब आम्ही अजून वापरतो: तापमानात १० मिळवायचे आणि दिवसांनी गुणायचं. २७ अंशाला सात दिवस म्हणजे २५९. नाशिकच्या थंडीत दिवसरात्रीची सरासरी १८ धरली तर तेवढंच काम व्हायला सव्वानऊ दिवस लागतात. तुमच्याकडे मेमध्ये सरासरी ३४ धरली तर सहा दिवस पुरतात. पण सुरुवातीलाच फार तापलेल्या काँक्रीटमध्ये जेल घाईघाईत कणांभोवती जाड साचतो, नीट पसरत नाही, आणि अशा काँक्रीटची अंतिम ताकद सावकाश वाढलेल्यापेक्षा कमी भरते. म्हणून कोड माल ओततानाचं तापमान ४० अंशांखाली ठेवायला सांगतो. उन्हाळ्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी टाकावा, खडीवर आदल्या रात्री पाणी मारावं, सळया आणि प्लेटा तापलेल्या असतील तर माल येण्याआधी त्यांवरही मारावं.

उष्णतेचं दुसरं अंग जास्त वाईट आहे, ते म्हणजे बाष्पीभवन. तासाला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी उडू लागलं की ताज्या पृष्ठभागाला तडे जाण्याचा धोका सुरू होतो. तुमच्या हजार चौरस फुटांवर हे तासाला ९३ लिटर होतात. वारं आणि ऊन एकत्र असलं की मे महिन्याच्या दुपारी हा आकडा गाठला जातो. खालून वर येणारं पाणी त्याला पुरं पडत नाही, वरचा थर आकसतो, आणि स्लॅब टाकल्यावर दोन-चार तासांत बोटभर ते हातभर लांबीचे, एकमेकांना साधारण समांतर असे तडे दिसतात. तुमच्या स्लॅबवर असे तडे आहेत का ते आजच बघा. केसाएवढे असतील तर सिमेंटची पातळ स्लरी घासून बसवा. रुंद आणि खोल वाटले तर वॉटरप्रूफिंगच्या आधी इंजिनिअरला दाखवा.

आतल्या पोकळ्यांमधली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की हायड्रेशन जवळजवळ थांबतं. सिमेंट शिल्लक असतं, पण त्याला पाणी पोहोचत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाइप फिरवायचा ही आपल्याकडची सर्रास पद्धत म्हणून निकामी आहे. सकाळी नऊला मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून गेलेलं असतं, मग सहा वाजेपर्यंत वरचा थर उपाशी. पुन्हा भिजवल्यावर क्रिया थोडीफार चालू होते, पण एकदा कोरड्या झालेल्या बारीक पोकळ्यांमध्ये पाणी पूर्वीसारखं शिरत नाही.

यात नुकसान कुठे होतं ते नीट समजून घ्या. जाड बीमच्या किंवा कॉलमच्या गाभ्यात स्वतःचं पाणी बऱ्यापैकी टिकून राहतं, त्यामुळे कमी पाणी मारलं तरी गाभा फारसा बिघडत नाही. बिघडतो तो बाहेरचा इंच-दीड इंचाचा थर, म्हणजे सळईवरचं कव्हर. हाच थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेला अडवत असतो. तो सच्छिद्र राहिला की कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याचा कार्बोनेट करतो, अल्कधर्म जातो आणि सळई गंजू लागते. जुन्या इमारतींच्या तपासणीत आम्ही कॉलमचा टवका ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतो. जिथे चुना शाबूत आहे तिथे गर्द गुलाबी रंग उमटतो, जिथे गेला तिथे काँक्रीट राखाडीच राहतं. चांगल्या कामात बाहेरून काही मिलिमीटरची राखाडी कड दिसते आणि लगेच गुलाबी सुरू होतं. पाणी न मिळालेल्या कॉलममध्ये राखाडी पट्टा थेट सळईपर्यंत गेलेला असतो आणि सळईभोवती तांबूस गंज. मुंबईत आणि कोकणपट्टीत ज्या इमारतींचे कॉलम पंधरा-वीस वर्षांत उभे चिरतात, त्यांच्यात हे चित्र वारंवार दिसतं. लातूरला खारी हवा नाही, हे तुमचं नशीब, पण कार्बन डायऑक्साइड सगळीकडे आहे.

आणि कॉलमला पाणी मारायचं बहुतेकांच्या ध्यानातच नसतं. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात, कॉलमवर मात्र जाता-येता पाइपची धार. उभ्या पृष्ठभागावर ते दोन मिनिटांत खाली ओघळतं. कॉलमची पेटी काढली की लगेच ओलं बारदान गुंडाळा, वरून प्लास्टिक लपेटून सुतळीने बांधा, आणि दिवसातून दोन-तीनदा वरच्या टोकातून पाणी सोडा. घराचं सगळं वजन त्यांच्यावर आहे.

टँकरच्या पाण्याची तुमची अडचण खरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाणी जपूनच वापरायला हवं. हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी उभं करायचं तर एका भरण्याला सुमारे ४,७०० लिटर लागतात, आणि रोज त्यातलं उडतं तेवढं परत घालावं लागतं. त्याऐवजी सगळ्या स्लॅबवर बारदान अंथरा, चिंब भिजवा आणि वरून जाड प्लास्टिक टाकून कडांना विटा ठेवा. प्लास्टिकखाली दुपारीही थेंब साचलेले दिसले पाहिजेत, हीच तुमची खूण. फार थोड्या पाण्यात काम होतं, आणि माझ्या अनुभवात हे आळी करण्यापेक्षा भरवशाचं ठरतं, कारण आळं फुटलं तर ते दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी बोअरचं आणि खारं असेल तर क्लोराइड तपासून घ्या. आरसीसीच्या मालात वापरायच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची आहे, मारायच्या पाण्यालाही तीच धरा.

राहिले टेकू. टेकू काढल्या क्षणी स्लॅबवर काय येतं? आरसीसीचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला सुमारे ३२० किलो. घरात माणसं, फर्निचर, सामान मिळून डिझाइनला धरतात ते सुमारे २०० किलो. म्हणजे घर रिकामं असतानाही स्लॅब मोठ्या भारावर बसलेला असतो. तुमच्या हॉलचा स्लॅब एकटा साडेनऊ टनांचा आहे. टेकू काढायचे म्हणजे हे साडेनऊ टन आठ दिवसांच्या काँक्रीटच्या हवाली करायचे.

स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा. बीमचा गाळा सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. हे कोडचे आकडे ओपीसीसाठी आहेत, नीट पाणी मारलेलं असताना आणि हवा १५ अंशांपेक्षा थंड नसताना. तुमचा हॉल आखूड बाजूने १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर, चौदात बसतो. १८ फुटी बीम साडेपाच मीटरचे, तेही चौदात. पीपीसीसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची पद्धत आहे की हे दिवस दहा-सप्तमांश पट करायचे. चौदाचे वीस होतात, सातचे दहा. मी वर दिलेले दिवस इथून आले.

ठेकेदार म्हणेल, आजवर इतके स्लॅब आठव्या दिवशी खोलले, एकही पडला नाही. त्याचं खरं असेल. लवकर खोललेले बहुतेक स्लॅब पडत नाहीत, ते खचतात. काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, त्याला क्रीप म्हणतात, आणि भार जितक्या कोवळ्या वयात आला तितकं ते जास्त. कोडमध्ये क्रीपचा गुणांक सातव्या दिवशी भार दिला तर २.२ आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी १.६, वर्षाने १.१. याचे परिणाम तीन-चार वर्षांनी दिसतात. गच्चीच्या मधोमध पाणी साचतं, पार्टिशनच्या भिंतींना तिरके तडे जातात, वरच्या मजल्यावरचे दरवाजे घासू लागतात. तोवर ठेकेदार कुठल्या कुठे गेलेला असतो.

त्याच्या प्लेटांची अडचण सोडवता येते. प्लेटा लवकर काढायला कोडची हरकत नाही, टेकू लगेच परत लावण्याची अट घालून. ओपीसीला स्लॅबखालच्या प्लेटा तीन दिवसांनी निघतात. पण ही रचना सुरुवातीपासून तशी बांधलेली असावी, म्हणजे टेकूंची एक रांग न हलवता आजूबाजूच्या प्लेटा सुटाव्यात. आधी सगळं पाडून मग टेकू उभे करायचे, हा त्या अटीचा अर्थ नाही, कारण तेवढ्या वेळात स्लॅब वाकलेला असतो आणि नंतरचा टेकू त्याला नुसता टेकतो. तुमची सेंट्रिंग तशी नसेल तर प्लेटांचं जादा दिवसांचं भाडं सरळ देऊन टाका. घराच्या खर्चात तो आकडा किरकोळ आहे.

काढतानाही क्रम आहे. दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या गाळ्यात मधले टेकू आधी सैल करायचे, मग कडेकडे जायचं. बाल्कनी आणि छज्ज्याला उलट, आधी मोकळ्या टोकाचे, शेवटी भिंतीजवळचे. छज्ज्याचा भिंतीजवळचा टेकू आधी काढला तर जी सळई वर असते तिच्या अगदी उलट बाजूला ताण येतो. आणि छज्ज्याचं मागचं टोक ज्या भिंतीच्या वजनाने दाबलं जायचं असेल, ती भिंत वर चढेपर्यंत त्याचे टेकू हलवायचे नाहीत.

तोवर वरचं काम सुरू करायचं असेल तर विटांचा ढीग हॉलच्या मध्यावर नको. पाचशे विटा म्हणजे दीड टन. बीमवर किंवा बीमच्या कडेने पसरून ठेवा. आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे टेकू जेव्हा या स्लॅबवर उभे राहतील, तेव्हा खालच्या स्लॅबखालीही टेकू असू द्या. ओल्या मालाचे चौरस मीटरला ३२० किलो, वर प्लेटा आणि माणसं, एवढा भार हा स्लॅब एकट्याने उचलेल असं त्याच्या डिझाइनमध्ये कुठेच धरलेलं नाही.

क्यूबबद्दल आणखी एक. लॅबमधला क्यूब २७ अंशांच्या पाण्याच्या टाकीत बुडालेला असतो, त्याला तहान ठाऊकच नसते. तो तुमच्या मालाबद्दल सांगतो, तुमच्या स्लॅबबद्दल नाही. पुढच्या मजल्याला तीन क्यूब जास्तीचे भरा आणि ते स्लॅबवरच, त्याच बारदानाखाली ठेवा. टेकू काढायच्या आदल्या दिवशी ते फोडा. त्यांचा आकडा स्लॅबच्या खऱ्या ताकदीच्या जवळ जातो, आणि लॅबच्या क्यूबशी त्यांची तुलना केली की पाणी कसं मारलं गेलं तेही उघड होतं.

लॅबमध्ये उरलेले तुमचे तीन क्यूब २८ व्या दिवशी फुटतील तेव्हा तिन्हींचे वेगवेगळे आकडे मागून घ्या. सरासरीपासून कुठलाही १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल तर तो नमुनाच बाद, त्यावरून काही ठरवू नका. सरासरी २३ किंवा वर आली तर विषय संपला. २० च्या आसपास आली तर स्लॅब चालेल, पण पुढच्या मजल्याला मोजून पाणी घालायचं आणि शक्य असेल तर डिझाइन मिक्स (चाचण्या करून प्रमाण ठरवलेला माल) करून घ्यायचं. १७ च्या खाली गेली तर मात्र हातोड्याने ठोकून आवाजावरून कुणी दिलेला निर्वाळा घेऊ नका. रिबाउंड हॅमरची चाचणीही पृष्ठभागापुरती असते. अशा वेळी स्लॅबमधून कोअर, म्हणजे कापून काढलेले गोल नमुने, काढून तपासायचे, किमान तीन, बीमपासून आणि सळयांपासून दूर, जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखून दिलेल्या. त्यांची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के म्हणजे १७ आणि एकेक कोअर ७५ टक्के म्हणजे १५ भरला, तर कोड ते काँक्रीट मान्य करतो. हे निकाल हातात येईपर्यंत हॉलखालचे टेकू तसेच उभे राहू द्या, वीस दिवस उलटून गेले असले तरी.